'कमरेतून गेलेला कुत्रा' : श्वानांच्या मणक्यातील संसर्गाचे निदान व उपचार (नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक आढावा)

प्रस्तावना

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या लोकजीवनात कुत्र्याला लाभलेले स्थान असाधारण आहे. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तिच्या पशुबाजारात लाल कंधारी व देवणी जनावरे, घोडे, गाढवे, उंट यांची खरेदी-विक्री होते आणि देवाच्या सोबत कुत्राही पूजेत असतो. खंडोबाचा उपासक स्वतःला वाघ्या म्हणवितो व देवाचा कुत्रा होण्यात धन्यता मानतो. याच जिल्ह्यातील माहूरगडावर दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान उभे आहेत आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. एका बाजूला देवत्व व दुसऱ्या बाजूला जातिवंतपणाचा अभिमान, अशा दुहेरी प्रतिष्ठेचा हा प्राणी आजारी पडला म्हणजे मात्र त्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्यातील एका आजारापुरता मर्यादित आहे. कुत्र्याच्या मणक्याला व दोन मणक्यांमधील गादीला होणारा जंतुसंसर्ग, ज्याला पशुवैद्यकात डिस्कोस्पॉन्डिलायटिस म्हणतात, हा फार वारंवार आढळणारा रोग नव्हे. तथापि तो वेळीच ओळखला गेल्यास बहुतांशी बरा होणारा आहे आणि न ओळखला गेल्यास कुत्रा कायमचा पांगळा होतो. बरा होऊ शकणारा रोगी असाध्य समजून सोडून दिला जाणे, हे या विषयाचे मर्म आहे.

लोकभाषेतील निदान

या भागात कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले की 'कमरेतून गेला' असे म्हणतात. कोणी 'लकवा मारला' म्हणते, तर कोणी 'अंगावरून वारं गेलं' म्हणते. वर्णन म्हणून हे शब्द अचूक व बोलके आहेत. अडचण अशी की ते वर्णनावर थांबत नाहीत, निदान म्हणून वापरले जातात. 'गेला' या क्रियापदातच निकाल दिलेला असतो. जे गेले ते परत येत नाही, ही समजूत भाषेतून उपचारात उतरते आणि मग कुत्र्याला गोठ्याच्या कडेला पोत्यावर टाकले जाते.

वस्तुतः या एका शब्दप्रयोगाखाली अनेक भिन्न आजार दडलेले असतात. वाहनाच्या धक्क्याने मोडलेला मणका, आखूड पायांच्या कुत्र्यांत गादी सरकून मज्जारज्जूवर आलेला दाब, डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाने मेंदू व मज्जारज्जूला झालेली इजा, गाठ, आणि मणक्याचा संसर्ग ही त्यांपैकी काही कारणे होत. यांखेरीज एक कारण असे आहे की ते प्रथम मनात आलेच पाहिजे, आणि ते म्हणजे रेबीजचा पक्षाघाती प्रकार. पिसाळलेला कुत्रा चावत सुटतो, ही सर्वसामान्य कल्पना अर्धीच खरी आहे. काही कुत्रे चावत नाहीत. त्यांचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाय लुळे पडतात आणि काही दिवसांतच मृत्यू येतो. लसीकरणाचा पुरावा नसलेला, अचानक लुळा पडलेला व झपाट्याने बिघडणारा कुत्रा हाताळताना हातमोज्यांशिवाय तोंडात हात घालणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. त्याच्या घशात हाड अडकले असावे म्हणून हात घालणारे मालक आजही आहेत, म्हणून एवढे लिहावे लागले.

मणक्याच्या संसर्गाची चाल याच्या उलट असते. तो आठवड्यांच्या गतीने येतो. कुत्रा आधी खाटेवर उडी मारणे सोडतो, पायरी चढताना थांबतो, उठताना कण्हतो. पाठीवर हात ठेवला की अंग चोरतो, क्वचित गुरगुरतो, आणि तेव्हा त्याचा स्वभाव बिघडला असे समजून त्याला बांधून ठेवतात. भूक मंदावते व वजन उतरते. ताप असतोच असे नाही. बऱ्याच रोग्यांत तो नसतो, आणि 'ताप नाही म्हणजे संसर्ग नाही' हा तर्क येथे फसतो. पायांतील शक्ती जाणे ही या क्रमातील शेवटची पायरी होय. म्हणजे कुत्रा 'कमरेतून जातो' तेव्हा रोग सुरू होऊन बरेच दिवस लोटलेले असतात.

कारवान कुत्र्याच्या बाबतीत एक अडचण अधिकची आहे. सडपातळ बांधा, आत ओढलेले पोट, कमरेवर स्पष्ट दिसणारी हाडे ही या जातीची लक्षणे मानली जातात. जे इतर कुत्र्यांत कृशत्वाचे चिन्ह ठरेल ते येथे सौंदर्य समजले जाते. त्यामुळे पाठीचे स्नायू झिजल्याचे मालकाच्या ध्यानी लवकर येत नाही. या जातीच्या कुत्र्याचे वजन नियमितपणे नोंदविले तरच ही झीज आकड्यांत दिसते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

रोगाची उत्पत्ती

कुत्र्याच्या पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ७ व त्रिकाचे ३ मणके असतात आणि पुढे शेपटीचे. संसर्गाची ठरावीक ठिकाणे आहेत. त्यांत कमरेचा शेवटचा मणका व त्रिकास्थी यांमधील सांधा सर्वाधिक वेळा ग्रासला जातो. मानेचा खालचा भाग व छातीचा मधला भाग हीही नेहमीची स्थळे होत. जंतू बहुधा रक्तावाटे येतात. मूत्रमार्गाचा जुना संसर्ग, सडलेले दात, त्वचेवरील गळवे, हृदयाच्या झडपांचा दाह ही त्यांची मूळ घरे. मणक्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग मंद असल्याने जंतू तेथे स्थिरावतात आणि तेथून गादीत शिरतात. मध्यम वयाचे, मोठ्या चणीचे नर कुत्रे अधिक प्रमाणात बळी पडतात. जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस गटाचा क्रमांक पहिला असून स्ट्रेप्टोकॉकस, ई. कोलाय व ब्रुसेला हेही कारणीभूत ठरतात. जर्मन शेफर्ड जातीत बुरशीजन्य संसर्गाचे रोगी विशेषत्वाने नोंदले गेले आहेत.

पाश्चात्त्य ग्रंथांत आणखी एका कारणाची चर्चा आवर्जून येते. गवताचे कुसळ श्वासावाटे किंवा त्वचेतून शरीरात शिरते व सरकत सरकत कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्यांपाशी पोहोचते, कारण श्वासपटलाचे स्नायू तेथे जोडलेले असतात. अमेरिकेतील फॉक्सटेल गवताचे वर्णन या संदर्भात पानेच्या पाने केलेले आढळते. मराठवाड्याच्या माळरानावर कुसळी गवत अमाप आहे आणि धोतराला, पायजम्याला, मेंढीच्या लोकरीला ते कसे रुतते हे प्रत्येक गुराखी जाणतो. माळावर धावणाऱ्या कुत्र्याच्या कमरेच्या याच मणक्यांत संसर्ग दिसल्यास कुसळाचा विचार करणे येथील पशुवैद्यालाही प्राप्त आहे. परदेशी गवताचे नाव पाठ असणे आणि आपल्या माळावरचे गवत प्रश्नपत्रिकेत कधीही न येणे, हे आपल्या अध्यापनपद्धतीचे वैगुण्य म्हटले पाहिजे.

निदानातील पायऱ्या व त्यांतील फसगत

निदानाची पहिली पायरी हातांची आहे. कण्यावर मणक्यागणिक दाब देत जाऊन दुखरे ठिकाण शोधणे, पाय उलटा ठेवल्यास कुत्रा तो सरळ करतो की नाही ते पाहणे आणि बोटांच्या हाडाला चिमटा देऊन खोल वेदना जाणवते किंवा नाही हे ठरविणे, एवढ्यास कोणतेही यंत्र लागत नाही. यातील शेवटची चाचणी भवितव्याशी निगडित आहे. पाय मागे घेणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने वळून पाहणे, ओरडणे किंवा चावण्यास येणे म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोहोचली. हा भेद न पाळल्यामुळे चांगले रोगी वाईट व वाईट रोगी चांगले ठरविले जातात.

दुसरी पायरी क्ष-किरण चित्राची, आणि खरी फसगत येथेच होते. रोग सुरू झाल्यानंतर पहिले दोन ते चार आठवडे चित्रात काहीही दिसत नाही. हाडाचा पुरेसा भाग झिजल्यावरच मणक्याच्या टोकाची कडा कुरतडल्यासारखी दिसू लागते, गादीची जागा अरुंद होते व पुढे भोवतालचे हाड दाट होते. याचा अर्थ निर्दोष चित्र हे निर्दोष मणक्याचे प्रमाणपत्र नव्हे. 'एक्स-रे काढला, काही निघाले नाही' या वाक्यावर प्रकरण मिटविण्याऐवजी दोन ते तीन आठवड्यांनी तोच भाग पुन्हा पाहणे आवश्यक असते. उलटपक्षी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मणक्यांखाली वाढलेली हाडाची पूल-सदृश टोके पुष्कळदा दिसतात. ती वयोमानाची असून बहुधा निरुपद्रवी असतात; त्यांनाच रोग समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात. या दोहोंतील भेद मणक्याच्या टोकाच्या कडेवर आहे. कडा गुळगुळीत असेल तर वय, कुरतडलेली असेल तर संसर्ग.

एमआरआय व सीटी स्कॅन यांनी रोग फार लवकर कळतो, परंतु कुत्र्यासाठी ही साधने मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. नांदेड-लातूरच्या पशुपालकाला जवळचा उच्चस्तरीय आधार म्हणजे उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये. ही दोन्ही २००० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. सीमेपलीकडे बीदर येथेही २००४ पासून कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि उदगीर-देवणी भागातील माणसाला ही सीमा व्यवहारात फारशी जाणवत नाही.

तथापि महागड्या यंत्राच्या अभावाची तक्रार करताना दोन स्वस्त चाचण्यांकडे होणारे दुर्लक्ष झाकले जाते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे व लघवीचे कल्चर केल्यास अनेक रोग्यांत जंतू हाती लागतो आणि कोणते औषध लागू पडेल हेही कळते. औषधाचा एक डोस दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्याचे मोल बरेच उतरते. आधी इंजेक्शन, मग तपासणी हा आपल्याकडील रूढ क्रम आहे आणि तो उलटविण्यास पैसा नव्हे, शिस्त लागते.

ब्रुसेलाचा प्रश्न

या विषयाचे सर्वांत गंभीर अंग येथे आहे, कारण ते कुत्र्यापुरते राहत नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरील तापाच्या रोग्यांत जो जंतू शोधला त्याच कुळातील ब्रुसेला कॅनिस हा कुत्र्यांचा जंतू १९६६ मध्ये अमेरिकेत लेलंड कारमायकेल यांनी बीगल कुत्र्यांच्या गर्भपातांचा अभ्यास करताना वेगळा केला. तो समागमातून व गर्भपाताच्या स्रावातून पसरतो, नरांत वृषणांचा दाह व वंध्यत्व आणतो आणि रक्तातून मणक्यात जाऊन बसतो. माणसालाही तो होऊ शकतो. विशेषतः कुत्रीचे बाळंतपण उघड्या हातांनी करणाऱ्यास व लहान मुलांस धोका अधिक.

ग्रामीण भागातील कुत्र्याला दुसराही मार्ग उपलब्ध आहे. गाय-म्हैस गाभडली की पडलेला गर्भ व वार उकिरड्यावर टाकली जाते आणि ती कुत्रे ओढून नेतात. गोवंशातील ब्रुसेला अबॉर्टस याच वाटेने कुत्र्यात उतरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु जंतू दावणीपाशी थांबत नाही. उकिरड्यावरील वार खोल पुरणे व तिच्यावर चुना टाकणे ही जुनी सूचना आहे. ती कोणी पाळत नाही, हेही जुनेच.

येथे प्रयोगशाळेतील एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. गुरांच्या ब्रुसेलासाठी सर्वत्र वापरली जाणारी रोझ बेंगाल चाचणी ब्रुसेला अबॉर्टसच्या आवरणावरील विशिष्ट शर्करायुक्त घटकाविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधते. ब्रुसेला कॅनिसच्या आवरणात तो घटक नसतोच. परिणामी कुत्र्याचे रक्त या चाचणीत निर्दोष ठरले तरी ब्रुसेला कॅनिस नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी त्या जंतूपासून बनविलेले वेगळे प्रतिजन, कल्चर किंवा पीसीआर लागते. चाचणी सदोष ठरल्यास गुरांकडून आलेल्या संसर्गाचा शोध घ्यावा, निर्दोष ठरल्यास प्रश्न शिल्लक आहे असे समजावे, इतका साधा नियम अहवालाच्या तळाशी छापला तरी पुष्कळ साधेल.

पैदासकारांसाठी याचे महत्त्व स्वयंस्पष्ट आहे. नावाजलेला नर अनेक गावांच्या माद्यांना लावला जातो. एक बाधित नर एका हंगामात किती घरांत रोग पोहोचवू शकेल याचा हिशेब कोणालाही करता येईल. जानवळसारख्या गावात हा रोग आहे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. जेथे उत्तम जात टिकवून धरली आहे तेथेच नर लावण्यापूर्वी रक्ततपासणीची प्रथा सर्वांत आधी रुजावी, एवढेच म्हणणे आहे. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांची चार तिकिटे काढली, त्यांत कारवानचा निकटचा भाऊ मुधोळ होता. तेव्हापासून देशी जातींविषयीचे कौतुक वाढतच गेले. आरोग्याविषयीची जागरूकता त्या वेगाने वाढली नाही.

माणसांच्या दवाखान्यातही याचे पडसाद उमटतात. दीर्घकाळ पाठदुखी व बारीक ताप असलेल्या रोग्यात मणक्याचा क्षय गृहीत धरला जातो आणि आपल्या देशात ते बहुधा योग्यच असते. परंतु ब्रुसेलाचाही मणका हाच आवडता मुक्काम आहे. रोग्याच्या घरी जनावर गाभडले होते काय, कुत्री व्याली होती काय, हे दोन प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो.

परिभाषेचा अडसर

मराठीतील पशुवैद्यकीय लेखन मुख्यतः गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्याभोवती फिरते. उत्पन्न देणाऱ्या जनावरास प्राधान्य मिळणे समजण्यासारखे आहे. कुत्र्यावर लिहिले जाते ते बहुधा जातींची ओळख, आहार व लसीकरण यांपुरते. मणक्याच्या आजारांचा विषय आलाच तर 'आंतरकशेरुकी चकतीचा दाह' अशी परिभाषा वापरली जाते. हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. 'गादी सरकली' हे ज्याला कळते त्याला 'गादीत पू झाला' हेही कळेल. शिवाय 'दाह' या शब्दाने आग, जळजळ एवढाच बोध होतो. जंतूंचा, म्हणून औषधाचा, बोध होत नाही. दाह शमविण्याच्या औषधांकडे मालकाचे, आणि कधीकधी वैद्याचेही, मन वळते ते काही अंशी या शब्दामुळे. 'मणका-गादीचा संसर्ग' हा शब्द विद्वत्तेचा आव आणीत नाही, पण काय करावयाचे ते सांगतो.

उपचार : पाच दिवसांचा मोह

दाह शमविण्याच्या या मोहाचे टोक म्हणजे स्टेरॉइडचे इंजेक्शन. ते दिले की दुसऱ्या दिवशी कुत्रा उठतो, खातो, शेपटी हलवितो. मालक प्रसन्न होतो. परंतु शरीराची प्रतिकारशक्ती दबल्याने जंतूंना मोकळे रान मिळते आणि आठवड्याभराने तोच कुत्रा पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. गादी सरकलेल्या रोग्यासाठी स्टेरॉइड द्यावे की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. संसर्गाच्या रोग्यासाठी ते वर्ज्य आहे, यावर नाहीत. स्टेरॉइड व वेदनाशामक एकत्र दिल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्रावाची भीती असते, ती वेगळीच.

योग्य उपचार नाट्यमय नाही. जंतू कळला असल्यास त्यानुसार, न कळल्यास स्टॅफिलोकॉकस गृहीत धरून, सेफालेक्सिन दर किलो वजनास २२ ते ३० मिलिग्रॅम दर आठ ते बारा तासांनी देतात. जोडीला वेदनाशामक व सक्तीची विश्रांती. वेदना साधारणतः पहिल्या आठवड्यात ओसरू लागतात; न ओसरल्यास जंतू वेगळा आहे, बुरशी आहे किंवा ब्रुसेला आहे असा संशय घेऊन फेरतपासणी करावी लागते. ब्रुसेला निघाल्यास डॉक्सीसायक्लिनबरोबर दुसरे प्रतिजैविक जोडतात, कुत्र्याचे खच्चीकरण करतात आणि तरीही रोग उलटण्याची शक्यता घरातील माणसांना स्पष्ट सांगावी लागते. मज्जारज्जूवर पुवाचा दाब आला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

औषधाची किमान मुदत ६ ते ८ आठवडे असून अनेकदा ती काही महिन्यांपर्यंत लांबते. बारा तासांनी एक याप्रमाणे आठ आठवड्यांचे ११२ डोस होतात. येथे औषध दुर्मिळ नाही. सेफालेक्सिनच्या कॅप्सूल कोणत्याही तालुक्याच्या गावी माणसांच्या औषध दुकानात मिळतात. तुटवडा असतो तो चिकाटीचा. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रा चालू लागतो आणि औषध बंद होते. काही आठवड्यांनी तो पुन्हा बसतो, आणि 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक औषध लागू पडले होते, म्हणूनच ते थांबविले गेले.

त्यातच क्ष-किरण चित्र पुन्हा एकदा चकवते. कुत्रा सुधारत असतानाही पहिले काही आठवडे मणका चित्रात अधिकच कुरतडलेला दिसू शकतो. चित्र पाहून घाबरून औषध बदलणे व कुत्रा पाहून हुरळून औषध थांबविणे, या दोन्ही चुका एकाच रोग्यात होऊ शकतात. मालकाच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली तीन ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात : औषध संपण्याची तारीख, पुढील चित्राची तारीख, आणि कुत्रा चालू लागला तरी गोळी बंद करू नये ही सूचना. तालुक्याच्या दवाखान्यातील छापील चिठ्ठीवर तेवढी कोरी जागा सहज निघते.